पिंगळीचे दीपगृह आणि पहिली खुर्ची

परभणीपासून समुद्र किती लांब आहे, हे पिंगळीत कोणालाही सांगता आले नसते; कारण तसे विचारण्याची वेळच कधी कोणावर आली नव्हती. पण रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, नागुबाईंच्या मुरमाड रानात एक पांढराशुभ्र मनोरा उभा राहिला, त्याच्या अंगावर तांबडे पट्टे चढले, डोक्यावर काचेची खोली बसली, आणि येणारेजाणारे मोटारसायकली थांबवून चौकशी करू लागले.

"हे काय बांधायलेत?"

"दीपगृह."

"ते कशाला असतंय?"

"जहाजांना वाट दावायला."

"कंच्या जहाजांना?"

या प्रश्नापाशी संभाषण संपे आणि हसणे सुरू होई.

नागुबाईंच्या कानावर हे सारे पाथरीत बसल्या जागी येत असे. पाथरीच्या बाजारात त्यांच्या घराचे भुसार मालाचे दुकान. नागुबाई त्या दुकानाच्या गादीवर आयुष्यात कधी बसल्या नाहीत. पण गादीवर बसणारा प्रत्येक पुरुष, मग तो त्यांचा नवरा सांबप्पा असो, मुलगा असो की नातू, महत्त्वाचे काही ठरवण्याआधी आतल्या दाराकडे एकदा पाहत असे. त्या दारात नागुबाई मान हलवत. मान उभी हलली की व्यवहार झाला, आडवी हलली की देवानेही मध्ये पडू नये.

पिंगळीच्या रानाबाबत त्यांची मान उभी हलली होती. तिथे तूरसुद्धा रुसल्यासारखी उगवायची. मोठी नात शिवरंजनी इंजिनिअर होऊन आली आणि तिने धाकट्या भावाला, विरेशला, हाताशी धरून त्या रानात करमणूक उद्यान काढायचे मनावर घेतले. पाळणे, घसरगुंड्या, शेततळ्यात पायाने चालवायच्या हंसांच्या होड्या, आणि मधोमध दीपगृह.

"पाळणे समजले," नागुबाई म्हणाल्या होत्या. "दीपगृह कशापायी?"

"आजी, कोकणात आमची सहल गेली होती. तिथं एक जुनं दीपगृह बघितलं. इंग्रजांच्या काळातलं. आता बोटींना त्याची गरजही उरलेली नाही म्हणे. पण लोक लांबलांबून येतात, धापा टाकत चढतात, आणि वर गेल्यावर प्रत्येक जण आपलं घर कुठल्या दिशेला आहे ते शोधत बसतो. मीसुद्धा शोधलं. मला वाटलं, आपल्याकडं उंच असं काही नाहीच. माणसानं चढावं तरी कशावर?"

नागुबाईंनी मान उभी हलवली होती. मग म्हणाल्या होत्या, "बांध. पण रंग पक्का लाव. उन्हानं विटला तर लोक मला नावं ठेवतील, तुला न्हाई."

शिवरंजनीने मनोरा नुसता बांधला नाही. त्याच्या माथ्यावरून शेततळ्यापलीकडच्या टेकाडापर्यंत तिने एक पोलादी तार ओढली आणि तारेवर धावणारी खुर्ची टांगली. खुर्चीत बसायचे, पट्टे आवळायचे, आणि पाण्यावरून सुसाट पलीकडे जायचे. सरकारी तपासणी झाली, कागद मिळाले. पण कागद पाहून लोक खुर्चीत बसत नाहीत. कोणी बसलेले पाहून बसतात.

आणि इथेच सरजाबाई आल्या.

सरजाबाई म्हणजे नागुबाईंच्या सुनेची आई, गंगाखेडच्या. शिवरंजनी आणि विरेश जितके नागुबाईंचे, तितकेच त्यांचे. दोन्ही घराणी शिवाची, दोघींच्या कपाळी विभूती, दोघींच्या गळ्यात चांदीच्या डबीतले इष्टलिंग. आणि दोघींच्या जिभेला धार. एकमेकींना टोमणा मारल्यावाचून त्यांना जेवण पचत नसे, आणि सहा महिने गाठ पडली नाही तर दोघीही आजारी पडत. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी सरजाबाई पाथरीला आल्या, पुरणपोळी जेवल्या, हात धुतले, आणि सुरुवात केली.

"इनबाई, आमच्या गंगाखेडाला गोदावरी हाय. दोन्ही थड्या भरून वाहती. तरी आमी दीपगृह न्हाई बांधलं. तुमच्या पिंगळीला काय झालं? रेल्वे बुडायलीय का?"

ओसरीवरच्या बायका पदरात तोंड खुपसून हसल्या.

"तुमच्या गोदावरीला वाट समजती," नागुबाई म्हणाल्या. "आमच्या पिंगळीला तुमच्यासारखी वाट चुकलेली माणसं येत्यात. त्यांच्यासाठी हाय."

"आन् त्या तारेवर बसणार कोण? पोरं? पोरांचं काय, पोरं म्हशीवर बी बसत्यात. तुमी बसणार का?"

वास्तविक या प्रश्नावर हसून पान लावायला घ्यावे, एवढे शहाणपण नागुबाईंकडे होते. परंतु मानी माणसाचे शहाणपण नेमके चारचौघांत जागा सोडते. त्यांचा उजवा हात गळ्याशी गेला. चांदीची डबी मुठीत धरून त्या म्हणाल्या, "हे लिंग साक्षी हाय. उद्घाटनाच्या दिवशी पहिली खुर्ची माझी. माझ्याआधी त्या तारेवर माशी बसणार न्हाई."

पदरात खुपसलेली तोंडे वर आली. लिंगाला साक्षी ठेवून बोललेला शब्द त्या घरात कोणी मोडला नव्हता. सरजाबाईंचे डोळे चमकले.

"ऐकलं बरं का समद्यांनी," त्या म्हणाल्या, आणि समाधानाने दुसरी सुपारी फोडली.

उद्घाटनाचा दिवस जानेवारीतला, हुरड्याच्या दिवसांतला. पिंगळीच्या चहूबाजूंनी ज्वारी कणसांना आली होती. विरेशने उद्यानाच्या दारातच हुरडा भाजायची आगटी पेटवली होती. पाथरीहून जीपगाड्या भरून माणसे आली, परभणीहून रिक्षा आल्या, पॅसेंजरने उतरलेली माणसे रुळाच्या कडेने चालत आली. पाळणे फिरू लागले, हंस पोहू लागले. पण खरी गर्दी शेततळ्याच्या काठावर होती. सारे मान वर करून तारेकडे पाहत होते. पुढच्या ओळीत, गंगाखेडच्या बायकांचा जथा सोबत घेऊन, सरजाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

नागुबाईंनी इरकली लुगडे नेसले होते. दीपगृहाचा गोल जिना त्या कोणाचाही हात न धरता चढल्या. दोनदा थांबल्या, पण दोन्ही वेळा भिंतीचा रंग तपासत असल्यासारखे दाखवले. वर शिवरंजनी हातात शिरस्त्राण घेऊन उभी होती.

"ये आजी. आधी गळ्यातलं समदं काढ."

"समदं म्हंजे?"

"जे जे लोंबतंय ते. पट्टे गळ्याजवळून येतात, वर चाक आहे. दोरा, साखळी, ओढणी, काही चालत नाही. चाचणीच्या वेळी आम्ही ज्वारीचं पोतं बसवलं होतं आणि त्याला विरेशचं उपरणं बांधलं होतं. वाऱ्यानं उपरणं उडालं ते थेट चाकात गेलं. चिंध्या झाल्या. त्या दिवशीच मी नियम केला. गळा मोकळा असल्याशिवाय खुर्ची सुटणार नाही."

नागुबाईंनी आधी मंगळसूत्राला हात घातला. जिन्यात धापा टाकत सांबप्पा वर येत होते. बायको पहिल्यांदा आकाशात जाणार म्हणून त्यांच्याच्याने खाली राहवले नव्हते. नागुबाईंनी मंगळसूत्र काढून त्यांच्या हातावर ठेवले.

"ज्यानं घातलं त्याच्याच हाती दिलंय. परत आले की परत घाला. न्हाई आले तर इकून टाकू नका."

"अगं, काय बोलतीस!" सांबप्पा कळवळले.

"झालं आता," असे म्हणून नागुबाई खुर्चीकडे वळल्या. पण शिवरंजनी जागची हलली नाही. तिची नजर आजीच्या छातीवरच्या चांदीच्या डबीवर होती.

तेव्हा कुठे नागुबाईंच्या ध्यानात आले.

लिंग त्यांच्या गळ्यात बांधले गेले तेव्हा त्यांना दातसुद्धा आले नव्हते. तेव्हापासून ते अंगावेगळे झाले नव्हते. बाळंतपणात नाही, दवाखान्यात नाही, डोळ्याच्या ऑपरेशनाच्या वेळी तर डॉक्टरांनाच त्यांनी बाजूला सरकायला लावले होते. पूजेला काढायचे तेही डाव्या तळहातावर, म्हणजे अंगावरच. क्षणभर जरी देहापासून दूर झाले तरी परत धारण करीपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, अशा शिस्तीत त्या वाढल्या होत्या.

"हे निघत न्हाई," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे आजी."

"मग?"

"मग खुर्ची सुटत नाही." शिवरंजनीचा आवाज खाली आला, पण डळमळला नाही.

विरेश पायऱ्या चढून धावत आला होता. "ताई, एकदा सोड की! आजी हाय. डबी आत खोचून घेतली तर काय होतंय? खाली अख्खा जिल्हा जमलाय."

"अख्खा जिल्हा जमलाय म्हणूनच सोडत नाही. आज आजीला सोडलं की उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझंही तेवढं खोचलंय. आणि आजीच्या गळ्याला काही झालं तर तू काय करशील? उपरणं आठव."

विरेशला उपरणे आठवले. तो एक पायरी मागे सरला.

नागुबाईंनी नातीकडे पाहिले. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या हुकमापुढे माना तुकवल्या होत्या, आणि आज त्यांच्याच रक्ताची पोर त्यांच्यासमोर मान ताठ ठेवून उभी होती. त्यांना राग आला. आणि रागाच्या पोटातच, कोणाला दिसू नये इतका, अभिमानही वाटला. हीच खरी आपली नात, असे त्यांच्या मनाने बजावले. पण अभिमानाने पेच सुटत नव्हता. जिन्याने खाली उतरावे, तर लिंगाला साक्षी ठेवून दिलेला शब्द मोडत होता. शब्द पाळावा, तर लिंगच उतरवावे लागत होते. आणि खाली सरजाबाई बसल्या होत्या.

जणू हे मनातले ऐकूनच खालून आवाज आला. "इनबाई! आडकलं का काय? जिना रुंद हाय, उतरायला सोपा जाईल!"

काठावर हशा पिकला. काही माणसे पाळण्यांकडे वळू लागली. एका बाईने आपल्या पोराचा हात धरून मागे ओढले. "बघ, त्यांची सोताची आजी बी बसंना," असे तिचे शब्द वाऱ्यावर वरपर्यंत आले. शिवरंजनीचा चेहरा उतरला. पण तिने हातातले शिरस्त्राण खाली ठेवले नाही.

कठड्याला धरून उभे असलेले सांबप्पा या वेळी खाकरले. घरात सांबप्पा खाकरले तर लोक त्यांना पाणी आणून देत. ते बोलणार आहेत असे कोणाला वाटत नसे.

"अगं," ते म्हणाले, "तुझे वडील गोदावरी पोहून जायचे न्हवं?"

"आता माझ्या बापाचं काय काढलंय तुमी?"

"पूर असला की नावाडी होडी घालत नसायचा. मग तुझे वडील पोहून पलीकडं जायचे, बाजाराला. तू सांगतीस न्हवं नेहमी. मी लय वेळा ऐकलंय."

"मग?"

"मग तवा त्यांचं लिंग कुठं असायचं?"

नागुबाईंचा हात डबीवर गेला. त्यांच्या डोळ्यांपुढे चिखलाच्या रंगाचे ते पाणी आले, आणि पाण्यावर फक्त एक पांढरा पटका तरंगताना दिसला. वडील पाण्यात शिरण्याआधी काठावर बसत. गळ्यातला शिवदोरा सोडत, लिंग वस्त्रात गुंडाळून टाळूवर ठेवत, आणि वरून पटका करकचून बांधत. लहानगी नागू विचारी, बाबा, लिंग गळ्यातच असतंय ना? वडील सांगत, लिंगाला अंग सोडायचं नसतंय, पोरी. गळा त्याचं घर हाय, पण मस्तक त्याचं सिंहासन हाय. पुरात माणसानं देवाला सिंहासनावर बसवावं आणि आपण हातपाय मारावे.

साऱ्या पाथरीला त्यांनी ही गोष्ट ऐकवली होती. ऐकून ती ध्यानात ठेवणारा मात्र एकच निघाला.

"शिवरंजनी," त्या म्हणाल्या, आणि आवाजात परत तो दारातला हुकूम आला. "तुझा नियम गळ्यापुरता हाय का डोक्याला बी हाय?"

"डोक्यावर शिरस्त्राण घट्ट बसलं पाहिजे. त्याखाली काही हलता कामा नये."

"हलणार न्हाई. तोंड फिरवा समद्यांनी."

सगळ्यांनी तोंडे फिरवली. नागुबाईंनी डबी उघडली, लिंग तळहातावर घेतले, डोळे मिटून दोन शब्द पुटपुटल्या, मग पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून ते टाळूवर, अंबाड्याच्या पुढ्यात ठेवले आणि सांबप्पांच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेऊन असा आवळून बांधला, की त्यांच्या भुवयासुद्धा वर ओढल्या गेल्या. रिकामी डबी आणि दोरा त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला.

"आता तपास."

शिवरंजनीने तपासले. आजी आहे म्हणून हात हलका ठेवला नाही. आधी पदर ओच्यात खोचून घट्ट केला. पंचाच्या कडा ओढून पाहिल्या, आत मऊ घड्या सरकवल्या, शिरस्त्राण चढवले, हनुवटीखालचा पट्टा लावला, डोके डावीकडे-उजवीकडे हलवायला लावले. काहीही हलले नाही. मोकळ्या गळ्यावरून तिने बोट फिरवले आणि मग एकदम वाकून आजीच्या पायाला हात लावला.

"बस आजी. पहिली खुर्ची तुझी."

खुर्चीत बसल्यावर नागुबाईंनी प्रथमच समोर पाहिले. रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे परभणीची घरे, आणि सगळीकडे ज्वारी. वारा एका बाजूने शिरे आणि कणसे वाकवत दुसऱ्या टोकाला निघून जाई. लोक याला समुद्र म्हणतील, असे त्यांना वाटले. म्हणोत बापडे. समुद्राच्या पाण्याची भाकरी होत नाही. मग त्यांनी नकळत मान वळवून पाथरी कुठल्या अंगाला आहे ते शोधले, आणि सापडल्यासारखे वाटल्यावर म्हणाल्या, "सोड."

खुर्ची सुटली.

पहिल्या क्षणी नागुबाईंनी खुर्चीचे दांडे दोन्ही मुठींत आवळले. दुसऱ्या क्षणी त्यांनी महादेवाला हाक मारली, ती इतक्या जोरात, की शेततळ्यातल्या हंसांच्या होड्या थबकल्या. आणि तिसऱ्या क्षणी, पाणी पायांखालून धावत असताना, त्यांना कळले की आपण हसत आहोत. लहानपणी चिंचेच्या झोक्यावर हसायच्या तसे, तोंड झाकल्यावाचून. पदराला हात लावायला हात मोकळेच नव्हते.

पण नागुबाई त्या नागुबाईच. तारेच्या मध्यावर, जमिनीपासून तेवढ्या उंचीवर, त्यांची नजर उद्यानाच्या दाराकडे गेली.

"विरेश!" आकाशातून आवाज घुमला. "आगटी सोडून काय बघायलास? हुरडा करपायलाय!"

वर दीपगृहावर विरेश जिन्याकडे पळत सुटला आणि काठावरची सारी गर्दी एका सुरात हसली. त्या हसण्यातच भीती विरघळली. खुर्ची पलीकडच्या टेकाडावर थांबेपर्यंत दीपगृहाच्या जिन्याशी रांग लागली होती.

टेकाडावर उद्यानातली धम्मशीला पट्टे सोडायला उभी होती. तिने शिरस्त्राण काढले. सांबप्पा शेततळ्याला वळसा घालून, हातात मंगळसूत्र, डबी आणि दोरा सांभाळत धावत आले. या वयात ते धावतात हेही पाथरीकरांना त्या दिवशीच समजले. नागुबाईंनी लिंग पुन्हा गळ्यात धारण केले. मंगळसूत्रासाठी मान पुढे केली. सांबप्पांना फासा लवकर बसवता येईना.

"लग्नातबी असंच केलं हुतं तुमी," त्या म्हणाल्या. पण मान तशीच पुढे धरून राहिल्या. मग हळूच, फक्त त्यांना ऐकू जाईल असे, पुढे म्हणाल्या, "बरं झालं तुमी वर आलात."

एवढ्यात गर्दी बाजूला सारत सरजाबाई आल्या. त्यांनी आधी नागुबाईंच्या गळ्याकडे पाहिले, मग डोक्याला गुंडाळलेल्या पंचाकडे.

"लिंग काढलं हुतं?"

"अंगावरच हुतं. डोक्यावर. माझ्या बापानं दावलेली रीत हाय."

सरजाबाईंनी तारेकडे पाहिले. दुसरी खुर्ची सुटली होती आणि तिच्यातली कॉलेजची पोरगी आनंदाने किंचाळत येत होती. सरजाबाईंच्या चेहऱ्यावर टोमणा येतो आहे, येतो आहे, असे सगळ्यांना वाटले. पण आला तो वेगळाच.

"इनबाई, तुमचा बाप गोदावरी पोहून आमच्याच गंगाखेडाच्या थडीला लागायचा. म्हंजे रीत आमची झाली."

"मग चढा की दीपगृह. कुणी धरलंय?"

"पंचा द्या."

नागुबाईंनी पंचा डोक्यावरून सोडला, झटकला, आणि दिला. दोघी दीपगृह चढल्या. जिन्याच्या वरच्या टोकाला, समोर लुगड्याचा पदर आडवा धरून त्या स्वतः उभ्या राहिल्या. आत सरजाबाईंनी लिंग मस्तकावर बांधले, आणि शिवरंजनीने दुसऱ्या आजीचा गळाही तितक्याच कसोशीने तपासला. सरजाबाईंनी मात्र महादेवाला हाक मारली नाही. त्यांनी सुरुवातीपासून शेवटापर्यंत फक्त एकच लांबलचक आरोळी ठोकली; पिंगळी स्टेशनात उभ्या पॅसेंजरच्या खिडक्यांतून माणसांची डोकी बाहेर आली, असे नंतर स्टेशनाहून आलेल्यांनी सांगितले.

दिवस कलायला लागला तेव्हा विरेशने काचेच्या खोलीतला दिवा लावला. प्रकाशाचा झोत ज्वारीवरून फिरू लागला. रुळावरून जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने एक लांब शिट्टी दिली, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. जहाज कोणतेही येणार नव्हते. पण गंगाखेडच्या बायका पंचाची घडी एकमेकींकडे सरकवत होत्या, आणि जिच्या हाती पंचा येई ती आधी पदर खोची.

सरजाबाई पुन्हा जिन्याकडे निघाल्या. नागुबाई त्यांच्या पुढे.

"आजी," वरून शिवरंजनीचा आवाज आला. "दोघी पण. रांग तिकडं आहे."

दोघी थबकल्या. घरातल्या कोणी त्यांना असे सांगण्याची ही पहिलीच वेळ. नागुबाईंनी वर पाहिले, मान उभी हलवली, आणि वळून रांगेच्या शेवटी, शाळकरी पोरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"मी पुढं," सरजाबाई म्हणाल्या. "तुमी सकाळी बसलात."

"पहिली खुर्ची लिंगाच्या शब्दाची हुती," नागुबाई म्हणाल्या. "ती मोजायची न्हाई. ही माझ्या हौसेची. मागं उभ्या ऱ्हावा, इनबाई, आन् धक्का देऊ नका."